कात्र्या गोळा करणाऱ्या बाई

वर्गात फार गोंधळ झाला की बाई ओरडत नसत. त्या उठायच्या आणि प्रत्येकीच्या हातातली कात्री काढून घ्यायच्या. रागानं नाही, जेवणं झाल्यावर आपण ताटं उचलतो तशा. एकेक कात्री डाव्या हातावर रचत खोलीभर फिरायच्या, मग खुर्चीवर बसून तो सगळा भार मांडीवर घ्यायच्या आणि थर्मासमधला चहा प्यायच्या. आमच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. आम्ही वीस बायका, सगळ्या लग्न झालेल्या, दोघीतिघींना नातवंडं. हात रिकामे झाले की काय करावं ते कुणाला सुचायचं नाही. हात थांबले की तोंडंही हळूहळू थांबायची. मग जिला काम करायचं असेल तिनं पुढे जाऊन आपली कात्री मागायची.

"अहो, तुमची कुठली?" बाई विचारायच्या.

"ती लाल दोऱ्याची."

"घ्या."

एवढंच. कोण बोलत होतं, कशावरून भांडण झालं, याची चौकशी नाही. कात्री मागताना पन्नाशीच्या बाईलाही हसू यायचं आणि ते दाबताना ती एकदम शाळेतल्या मुलीसारखी दिसायची. बाई मात्र हसायच्या नाहीत.

हा शिवणाचा क्लास बडोद्यात मांडवीजवळ एका महिला मंडळाच्या माडीवर भरायचा. दुपारी दोन ते चार. खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, तिथे पोचे काढायचं काम चालायचं. त्या ठोकाठोकीवरून आवाज चढवायचा बाईंनी कधी प्रयत्न केला नाही. ठोकणं सुरू झालं की त्या शिकवणं थांबवून खडूनं कापडावर रेघा काढत राहायच्या. ठोकणारा थांबला की पुढचं वाक्य. आम्हाला इतकी सवय झाली की खालचा आवाज थांबला की आपोआप माना वर व्हायच्या.

बाई ठेंगण्या होत्या, काळ्यासावळ्या, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिवणाची पितळी टोपी कायम. चहा पितानाही काढायच्या नाहीत. रोज डभोईहून बसनं यायच्या आणि चारला पाच कमी असताना पिशवी उचलायच्या. त्यांच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण कपाळावर कुंकू होतं, त्यामुळे बायकांना फार त्रास होई. मंजुबेन म्हणून आमच्या पाणीगेटचीच एक गुजराती बाई होती, बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. तिनं एकदा सरळ विचारलं, "बेन, तमारा मिस्टर शुं करे छे?"

बाई म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मंजुबेननं आठवण केली. बाई म्हणाल्या, "उद्या." असे तीन आठवडे गेले. शेवटी मंजुबेनच कंटाळली. मला वाटतं, कुणी आपल्या घरात डोकावू लागलं तर काय करायचं हेही बाईंनी आम्हाला शिकवलं, फक्त शिवणाच्या वहीत ते लिहून घ्यायला सांगितलं नाही.

वर्गात कुणाला काकू, मावशी, वहिनी, अमक्याची आई म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. प्रत्येकीला तिच्या नावानं आणि 'अहो'. विशीतल्या मुलीला अहो आणि साठीतल्या बाईलाही अहो. त्या म्हणायच्या, "मोठ्या माणसांना बाकावर उभं करता येत नाही. घरी चिठ्ठी पाठवता येत नाही, कारण घरून तर तुम्ही कशाबशा निसटून आलेल्या. माझ्याकडे धाक घालायला काही नाही. तुम्ही दोन तास ओढूनताणून वाचवून आणलेत, तेवढे वाया घालवू नका म्हणजे झालं."

माझी पंचाईत या नावांपासून सुरू झाली, कारण माझ्या सासूबाई त्याच वर्गात होत्या आणि त्यांना नावानं हाक मारणं मला शक्य नव्हतं.

त्याचं असं झालं. लग्न होऊन मी जळगावकडून बडोद्याला आले, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत. सहा वर्षांत मी एकटी मांडवीपर्यंतसुद्धा गेले नव्हते. मला बोलायची फार भीती. त्यात शाळा चौथीपर्यंत, आणि सासूबाई बडोद्यात जन्मलेल्या, सातवी पास, वडील संस्थानाच्या कचेरीत होते हे त्या दुधवाल्यालाही सांगायच्या. शिवणाचा क्लास करू का, एवढं विचारायला मला चार महिने लागले. त्या म्हणाल्या, "आधी मी बघून येते कसल्या बायका येतात." बघायला आल्या आणि तासभर बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःची कात्री घेऊन आल्या.

घरी त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर तू जा. मी सोडला तर तूही सोडलास."

म्हणजे सासूबाईंचं मन वर्गात लागणं माझ्यासाठी फार गरजेचं होतं. त्या रुसल्या की माझे दोन तास गेले. म्हणून मी त्यांची वही भरून द्यायची, सुईत दोरा ओवून द्यायची, त्यांचा डबा उचलायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केलं.

"सुमतीबाई, तुमची सुई तुम्ही ओवा."

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. त्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं कुणी मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. "मला दिसत नाही बारीक," त्या म्हणाल्या.

"मग खिडकीत बसा. तिथे उजेड आहे."

त्या खिडकीत जाऊन बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "उर्मट आहे बाई." पण पुढे रोज त्या खिडकीतच बसल्या आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही.

उशिरा येणारीला बाई बोलायच्या नाहीत. ती दारात दिसली की म्हणायच्या, "या. आता यांना आजचं कोण सांगणार?" आणि जी शेजारणीशी बोलत असेल तिच्याकडे बोट. त्या पितळी टोपीचंच बोट. बोलणाऱ्या बायका त्यामुळे लक्ष देऊ लागल्या, कारण केव्हा बोट वळेल सांगता येत नव्हतं. मंजुबेनवर ते इतक्या वेळा वळलं की ती बाईंपेक्षा चांगली समजावून सांगू लागली. एकदा बसचं टायर बसलं म्हणून बाईंनाच अर्धा तास उशीर झाला. त्या आल्या, मागच्या सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मंजुबाई, आज काय झालं ते मला सांगा." आम्हाला वाटलं थट्टा आहे. पण त्या खरंच ऐकत होत्या, मधे एक शंकाही विचारली.

त्या वेळी केबल नुकतीच आली होती. दुपारी मालिका असायची आणि पावणेतीन झाले की निम्म्या वर्गाची चुळबुळ सुरू. बाईंनी त्याच्यावर भाषण केलं नाही. शनिवार हातशिलाईचा ठरवला. त्या दिवशी तुरपाई करता करता मंजुबेननं सगळ्या आठवड्याची गोष्ट सांगायची. बाकीच्या दिवशी मालिकेचं नाव कुणी काढलं की कुणीतरी म्हणायचं, "शनिवारे, शनिवारे!" आणि विषय संपायचा. बाईंनी ती मालिका कधी पाहिली नव्हती, पण नायिकेच्या जावेवर त्यांचा राग होता.

हे सगळं मी एका कोपऱ्यातून बघत असे. दोन महिन्यांत माझ्यामुळे कात्र्या कधी गोळा कराव्या लागल्या नाहीत, माझ्याकडे कधी बोट वळलं नाही. मी बोलतच नव्हते. मला वाटायचं, या वर्गातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी मी आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे आमच्या सोसायटीतल्या चारपाच बायका शिवण शिकायला येऊ लागल्या. एक दिवस त्यांचा कलकलाट झाला तेव्हा मला बाईंचं आठवलं. मी उठून सगळ्यांच्या कात्र्या गोळा केल्या. एकीनं पर्समधून दुसरी कात्री काढली आणि बोलणं चालू ठेवलं. मी तशीच त्या कात्र्या धरून उभी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बाईंचं ते कात्र्या उचलणं नुसतं बघून उचलण्यासारखं नव्हतं. त्याच्या मागे काही होतं, ते त्यांनी त्या एका आठवड्यात मला दाखवलं होतं. त्या आठवड्याचंच मला लिहायचं आहे.

सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. त्यांनी मांडवीतून मोरपंखी रंगाचा बुट्ट्यांचा ब्लाऊजपीस आणला होता. बाईंचा नियम असा की नवीन गोष्ट आधी वर्तमानपत्रावर कापायची, मग जुन्या कापडावर, मग चांगल्यावर. सासूबाईंनी कागद कापला, पण जुनं कापड गाळलं. म्हणाल्या, "मी काय लहान आहे? बाही म्हणजे काय मोठी गोष्ट!"

"कापड तुमचं, कात्री तुमची," बाई म्हणाल्या. "फक्त कापायच्या आधी मला दाखवा."

सासूबाई अंगानं चांगल्याच भरलेल्या होत्या. पीस अपुरा पडत होता, म्हणून कापड दुहेरी करून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात. एकेक बाही सुटी कापायची होती. आता बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. पुढे मुंढा, म्हणजे काखेकडचं वळण, जास्त खोल कापायचा, मागे कमी. म्हणून एक बाही कापली की दुसरीसाठी कागद पालथा ठेवायचा. नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मी कापडाची टोकं धरून बसले होते. सासूबाईंनी पहिली बाही कापली. दुसरीसाठी कागद ठेवला, तो तसाच, न उलटता.

मला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. पण मनात आलं, मी चौथी शिकलेली, माझंच चुकत असेल. आणि चुकत नसेल तर वीस बायकांसमोर सासूला कसं सांगायचं? घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी कधी बोलले नव्हते. मी कापड धरून राहिले.

"बाई, बघताय ना?" सासूबाईंनी विचारलं.

बाई पलीकडे मंजुबेनच्या मशीनखाली वाकल्या होत्या, दोरा अडकला होता. तिथूनच म्हणाल्या, "हं."

कात्री फिरली.

चूक कळली ती बाह्या जोडताना. एक नीट बसली. दुसरी कशीही लावली तरी तिचा खोल भाग मागेच जायचा. सासूबाईंनी ती उलटून पाहिली तर कापडाची उलट बाजू वर येई. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अगं बाई, दोन्ही उजव्याच!" त्या म्हणाल्या. "आता काय दोन उजवे हात लावून घेऊ?"

मंजुबेनला राहवलं नाही. "सुमतीबेन, बे जमणा हाथ होय तो काम डबल थाय!"

सगळा वर्ग हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बाईंकडे वळल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात. म्हणालात की नाही?"

हसणं थांबलं. मला वाटलं बाई आता कात्र्या गोळा करतील. त्या जागेवरून उठल्या नाहीत.

"म्हणाले," त्या म्हणाल्या. "न बघता म्हणाले. माझी चूक. कापड मी आणून देईन."

"मला नको तुमचं कापड."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "कापड कुणी धरलं होतं?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. बाई माझ्यापाशी आल्या आणि पहिल्यांदाच माझं नाव घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. बाईंची चूक, कापड गेलं, संपलं. मी नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण बाईंनी इतक्या बायकांसमोर स्वतःची चूक नुकतीच सांगितली होती, आणि त्यांच्याच डोळ्यांत बघून खोटं बोलणं मला जमेना.

"हो," मी म्हटलं.

"दिसलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि गप्प बसलीस? तुझ्या डोळ्यांदेखत मी कापलं ना?"

बाई मला म्हणाल्या, "दोन महिने मला वाटत होतं, तुमच्याकडे बघावंच लागत नाही. या मंजुबाई बोलतात, मला कळतं त्यांचं लक्ष कुठे आहे. तुमचं मला काही कळत नव्हतं आणि मी त्याला शहाणपणा समजत होते." मग म्हणाल्या, "गप्प बसलेलं माणूस आपल्या ताब्यात आहे असं वाटतं बघा. नसतं ते."

त्या दिवशी मांडवीतून पाणीगेटपर्यंत सासूबाई माझ्यापुढे दहा पावलं चालल्या. घरी चपला काढता काढता म्हणाल्या, "उद्यापासून तू घरी. मी एकटी जाईन. मला कुठलं काम अर्धवट टाकायची सवय नाही."

मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. माझे दोन तास गेले, हे मला कणकेत पाणी जास्त पडलं तेव्हा खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या गेल्या आणि फणफणत परत आल्या. "तुझी बाई डोक्यावर पडलेली आहे. मी सांगितलं, सून यायची नाही. तर म्हणते, बरं, मग आजचं त्यांना तुम्ही सांगा, आणि त्यांना काय कळलं नाही ते उद्या मला येऊन सांगा. 'त्यांना' म्हणे! सुनेला त्यांना!"

तरी त्यांनी सांगितलं. वर्गाचा नियम होता आणि सासूबाईंना नियम मोडलेला आवडत नसे. गळ्याला लावायची पट्टी तिरकी कापायची, त्यांनी वहीवर काढून दाखवली.

"कळलं?"

"कळलं."

"मग तिला उद्या काय सांगू? काय कळलं नाही ते सांग."

मी वहीतली पट्टी बोटानं गिरवली. मग विचारलं, "तिरकीच का कापायची?"

सासूबाई म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं म्हणून." आणि मग त्यांनाच ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या दारातूनच बोलत. "तिरकी कापली की ताणते. वळणावर चुणी पडत नाही. सरळ कापली तर उभी राहील. कळलं? आता दुसरं विचार." मी विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याचंही उत्तर आलं. पाणीगेटला भाजीच्या गाडीवर मंजुबेन भेटली तेव्हा म्हणाली, "तारी सासू तो बहु सवाल पूछे छे! बाई खूश आहे तिच्यावर." मी मेथीची जुडी उचलली. रात्रीची भांडी घासताना मी उद्याचा प्रश्न ठरवू लागले होते. आयुष्यात मला इतके प्रश्न कधी पडले नव्हते. पडत असतील, पण ते विचारायचे असतात हे मला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी, दीड वाजता, सासूबाई पिशवी भरत होत्या. मी त्यांना प्रश्न सांगितला. चुणीच्या बाहीला चुण्या वरच का घालायच्या, काखेत का नाही, असा काहीतरी होता. त्या दोनदा तो घोकून बघत होत्या. मग पिशवी खाली ठेवली.

"तुझे प्रश्न मी किती दिवस वाहून नेऊ? साडी बदल. तूच विचार तिला."

आम्ही गेलो. बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "बसा." इतके दिवस कुठे होतात, हे विचारलं नाही. सासूबाईंनी बाह्यांसाठी आता वेगळं, साधं निळं कापड आणलं होतं, तेही बेताचंच. त्यांनी ते खिडकीत पसरलं. कागद ठेवला. दुसऱ्या बाहीला तो आठवणीनं पालथा ठेवला, कडेनं खडू फिरवला आणि कात्री हातात घेतली. बाई पाठमोऱ्या होत्या. सासूबाईंनी त्यांना हाक मारली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघ."

मी बघितलं. कागद बरोबर होता. पण खडूची रेघ अगदी कागदाला चिकटून होती. शिलाईसाठी अर्धा इंच सोडलाच नव्हता.

खाली ठोकाठोकी चालू नव्हती, बोलले तर सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"आई, थांबा," मी म्हटलं. "शिलाईला जागा ठेवली नाही."

त्यांनी खाली वाकून बघितलं. मंजुबेनची मशीन थांबली होती.

"पुटपुटतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. त्या मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं सांगितलं. सासूबाईंनी कात्री खाली ठेवली आणि पदरानं खडूची रेघ पुसायला घेतली.